अमोलचे पॉइंट

या ईनबाई, इकडे सरकून बसा. दारातल्या दारात उभ्या नका राहू. आणि आधी सांगा, ही कोणती रीत झाली? पुण्याला निघाल्या की तुमचा फोन, बाजाराला निघाल्या की फोन, साधं मोहाडीला दवाखान्यात जायचं असलं तरी फोन. "ईनबाई, निघाली बरं का मी." आणि या खेपेला एवढ्या लांब निघाल्या तर एक शब्द नाही. विहिणीचा काही मान असतो की नाही? मी इथे वरठीला गॅसवर डाळ ठेवून बसलेली, आणि तुमच्या शेजारणीचा फोन येतो. हे काही शोभलं नाही तुम्हाला.

आज सतरा दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे गेले. घरात बोलायला माणूस नाही म्हणून लिहायला बसले. मी काही शाळेत शिकलेली नाही, तुम्हाला माहीतच आहे. अमोल पहिलीत गेला तेव्हा त्याच्या पाटीवर त्याच्यासोबत मीही गिरवलं, तेवढंच माझं शिक्षण. त्याच अक्षरात तुमच्याशी बोलते. बोलायचं आहे ते गोड नाही, आधीच सांगते.

लोक म्हणतात, विहिणी-विहिणीचं कधी पटत नाही. आपलं पटत होतं आणि नव्हतंही. दोघी ढिवराच्याच घरच्या, तलावाच्या पाळीवर लहानाच्या मोठ्या झालेल्या. फरक एवढाच की माझ्या मालकांना वरठीच्या कारखान्यात काम लागलं आणि माझ्या लुगड्याचा मासळीचा वास गेला. तुमचे मालक लवकर गेले आणि तुम्ही आंधळगावच्या बाजारात मरळ नि झिंगे घेऊन बसत राहिल्या. त्या टोपल्यावर तुम्ही प्रणालीला इंजिनियर केलं. मग ती माझ्या अमोलच्या घरात आली, आणि मी चार लोकांत म्हणायला लागले, "आमची सून इंजिनियर आहे." आमची! टोपलं तुमचं, सून आमची.

छकुली सहा महिन्यांची झाली, प्रणाली परत ऑफिसात जायला लागली, आणि आपलं ते वर्ष सुरू झालं. एक महिना मी पुण्याला, एक महिना तुम्ही. सरकारी ड्यूटी लागल्यासारखं. अमोलनं फोन केला, "आई, विमानानं ये. पॉइंट आहेत, पैसे नाही लागत." मला काय समजते पॉइंट? त्यानं समजावलं. कार्डावर खर्च केला की पॉइंट जमा होतात, पुरेसे साचले की विमानाचं तिकीट मिळते. मी म्हटलं, माझ्या पोरानं साचवले. त्यानं तसं म्हटलं नव्हतं. मी मात्र तसंच धरलं, आणि पुऱ्या गल्लीत तसंच सांगितलं.

एक वही केली. मालकांची जुनी डायरी होती, अर्धी कोरी. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अमोलचे पॉइंट'. खाली रकाने. कोणत्या महिन्यात गेले, किती पॉइंट लागले, वरून टॅक्स किती, वरठी ते नागपूरच्या विमानतळापर्यंत गाडी किती, तिथला चहा किती. चहाचा आकडा तर पावती दोनदा पाहून लिहिला, बाई. तेवढ्यात आपल्या इथे अख्ख्या टोळीला चहा होते. फुकटच्या प्रवासाला पैसे किती लागतात ते पाहायचं होतं मला. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक पाहायचं होतं. नातीसाठी कोणाचा खर्च जास्त होते, मुलाकडच्यांचा की मुलीकडच्यांचा.

म्हणून शेवटच्या रकान्यात मी तुमचंही लिहीत होते. 'ईनबाई, रेल्वे, स्लीपर.' माझी विमानतळापर्यंतची गाडीच तुमच्या अख्ख्या तिकिटाच्या तिप्पट-चौपट. मी तिथे लिहून ठेवलं आहे, माझ्याच हातानं: 'ईनबाईंचं स्वस्तात होते.' ते वाक्य आजही तिथे आहे. वीस तास बसून गेलेल्या बाईबद्दल.

तुमची गाडी आमच्याच वरठीहून. आंधळगावहून पहिल्या एस.टी.नं यायच्या, ठेसनावर जायच्या आधी माझ्याकडे चहा. आणि चहा झाला की बशीखाली दहाची नोट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तडकलेच.

"ईनबाई, माहं घर का चहाची टपरी हाय?"

"लेकीच्या सासरचा चहा हाय. उधार नाई ठेवत मी."

"मंग दुधाचेही पैसे टाका नं. साखरेचे टाका."

"साखर होती का त्याच्यात?" तुम्ही म्हणाल्या. "मले तं नाई लागली."

मी हसले. तुम्हीही हसल्या, पण नोट काही उचलली नाही. तुमच्या आईनं लेकीच्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं, तिच्या आईनंही नव्हतं. जग बदललं, तुम्ही मोबाईलवर नातीला पाहायला लागल्या, पण हा एक काटा तुम्ही काढला नाही. पुण्यालाही तांदूळ आपलेच न्यायच्या आणि पलंग सोडून खाली सतरंजीवर निजायच्या.

त्याच चहावर मी एकदा विचारलं, "प्रणाली एवढी म्हणून राहिली, तं विमानानं काहून नाई जात? गुडघे पाहा तुमचे. भेव लागते का?"

तुम्ही आधी बाहेर कोणी आहे का पाहिलं. मग म्हणाल्या, "भेव गिव काई नाई. पोरीले मी सांगतलं का कान दुखतात, भेव लागते. तिले खरं सांगतलं तं तिच्या नवऱ्याले वाईट वाटन. जवायाच्या पैशानं मी फिरन का आता?"

"अवो, पैसे नाई लागत. पॉइंट हायेत."

"फुकट काई नसते, ईनबाई. तलावातली मासोळीही फुकट नसते, कोणीतरी पाण्यात उतरते. ते तुमच्या अमोलचं हाय. त्याचं मी घेत नाई." आणि मग, पदरानं तोंड पुसत, "पोरीनं कमावलेलं असतं तं गोष्ट येगळी. तिच्या शिक्षणाले मी थंडीत पाण्यात उभी राहिली. तिचं मी हक्कानं खाईन. तिच्या पैशानं इमानात काय, चंद्रावर जाईन, अन् खिडकीपाशीच बसन."

मी वहीत नाही लिहिलं हे. पण वहीतलं काहीही पाठ नसेल इतकं हे पाठ आहे.

पुण्याहून तुम्ही निघायच्या तेव्हा माझ्यासाठी काय काय ठेवून जायच्या! बरणीत सुकटीची चटणी. छकुलीच्या लंगोटांच्या घड्या. आणि फोनवर तुमच्या आवाजातल्या सूचना, कारण तुम्हाला लिहिता येत नव्हतं. "ईनबाई, पोरगी डाव्या खांद्यावरच झोपते, उजव्यावर टाकान तं बोंबलन." "ईनबाई, तिले मरळ द्याले सुरवात करा, काटे नसतात तिले." यावर आपलं किती भांडण! मी म्हणायची, वर्षाची तरी होऊ द्या. तुम्ही म्हणायच्या, प्रणालीनं आठव्या महिन्यात खाल्ली, म्हणून डोकं चालते तिचं. ते भांडण मिटलंच नाही. तुमच्या महिन्यात ती मासोळी खायची, माझ्या महिन्यात वरणभात. लेकरू दोन्हीवर वाढलं. छकुलीच्या अंगाला तेल कसं लावायचं, मला वाटायचं मला येते. मोबाईलवर तुमचं पाहिलं तेव्हा समजलं की मी अमोलला नुसतं पुसून काढलं होतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. विहीण विहिणीला शिकवते, हे कबूल कसं करायचं?

आता ते सांगते, ज्याच्यासाठी तुम्हाला बसवलं.

पोळ्याच्या सुमाराला मी पुण्याला होते. वहीत किती पॉइंट उरले ते लिहायचं होतं. अमोल जेवून राहिला होता. मी म्हटलं, "तुह्ये पॉइंट किती उरले रे?"

तो हसला. "माह्याजवळ कुठचे पॉइंट, आई? माह्या कार्डावर फटफटीचं पेट्रोल निघत नाई धड. ते प्रणालीचे हायेत सारे. छकुली व्हायच्या आधी कंपनीच्या कामानं फिरत होती नं दिल्ली, हैदराबाद, तवाचे साचलेले."

एवढं बोलून त्यानं भाजी मागितली. त्याला काहीच वाटलं नाही त्याचं. वाटायचं कारणही नव्हतं, बायकोचे पॉइंट आणि त्याचे पॉइंट त्याला एकच.

पण मला तुमचं वाक्य ऐकू आलं, ईनबाई. चंद्रावर जाईन म्हणणारं.

बघा, कसं होतं ते. प्रणालीला वाटत होतं, आईला विमानाची भीती. तुम्हाला वाटत होतं, पॉइंट जावयाचे. अमोलला तर काही वाटतच नव्हतं. दोन्ही गोष्टी माहीत असलेली साऱ्या जगात एकटी मी. फोन उचलून एक वाक्य बोलायचं होतं. "ईनबाई, पॉइंट तुमच्या पोरीचे आहेत." बस. पुढच्या महिन्यात तुम्ही नागपूरहून उडाल्या असत्या.

मी नाही बोलले.

काहून नाही बोलले, ते इतक्या दिवसांत स्वतःला शंभर प्रकारे सांगून पाहिलं. गल्लीत काय तोंड दाखवू, हे एक. पोराची इज्जत, हे दुसरं. ही दोन्ही कारणं खरी आहेत, पण हे वरचे कपडे आहेत. आत जे आहे ते वेगळंच. पॉइंट मोजके उरले होते. अमोलनं आकडा सांगितला तेव्हा मी लगेच मनातल्या मनात भाग दिला. एकटीला पुरले असते. दोघींना नसते पुरले. आणि मला विमान सुटत नव्हतं, बाई. विमानातली ती पोरगी वाकून नमस्कार करते, खिडकीतून ढग दिसतात, दीड तासात पुणं. उमर गेली चुलीपाशी, आणि म्हातारपणी कोणी मला 'मॅडम' म्हणून राहिलं होतं. ते मला वाटून घ्यायचं नव्हतं. तुमच्या पोरीच्या मेहनतीचं होतं, तरी नव्हतं वाटून घ्यायचं.

वहीत एवढं मात्र केलं. पहिल्या पानावरचं नाव तसंच ठेवलं, आणि पुढच्या पानांवर नुसतं 'पॉइंट' लिहायला लागले. कोणाचे, ते लिहिलंच नाही. खोटं लिहायची लाज वाटली आणि खरं लिहायची हिंमत नाही झाली.

पोळ्यापासून होळीपर्यंत तुम्ही रेल्वेनं गेल्या आणि आल्या. दर खेपेला माझ्याकडे चहा. दर खेपेला मी ठरवायची, आज सांगते. आणि तुम्ही दर खेपेला नोट ठेवून जायच्या.

शेवटच्या वेळी मी तुम्हाला ठेसनावर सोडायला आले. आठवते? तांदळाची थैली, सुकटीचं गाठोडं, छकुलीसाठी गोधडी. त्या दिवशी पूल चढताना तुम्ही तीनदा थांबल्या. मी आदल्याच दिवशी पुण्याहून विमानानं परतलेली, अंगावर थकवा म्हणून नाही. फलाटावर तुम्ही खालीच बसल्या, गाठोड्याला टेकून. गुडघा दाबत म्हणाल्या, "तुमचं बरं हाय ईनबाई. पाखरावानी जाता. वरून आपले तलाव दिसतात का हो?"

मी म्हटलं, "दिसतात नं. इकडे तिकडे चमकतात, आरशाच्या तुकड्यावानी."

"आंधळगावचा ओळखू येते?"

"सारे सारखेच दिसतात वरून."

"मले ओळखू आला असता," तुम्ही म्हणाल्या. नुसतं म्हणाल्या. रुसून नाही, टोमणा म्हणून नाही.

तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तेवढ्यात गाडी आली, आणि राहून गेलं. हेच मी स्वतःला सांगत होते आजपर्यंत. आता तुमच्यापुढे काय लपवू? गाडी नव्हती आली. गाडीला चांगली वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत मी तुम्हाला विमानतळावरच्या चहाचा भाव सांगितला, आणि आपण दोघी हसत बसलो.

तो महिना करून तुम्ही आंधळगावला परतल्या आणि त्याच रात्री गेल्या. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा आणि तुमच्या जाण्याचा काही संबंध नाही, हृदयाचं आधीपासून होतं. अमोल हे सगळ्यांना सांगत होता. मलाही सांगितलं. मी मान हलवली. पण त्या वाक्याच्या आडोशाला उभं राहायचीही मला लाज वाटते.

तेरवीच्या दिवशी तुमच्या आंगणात बाया बसल्या होत्या. मी वाढून राहिले होते. प्रणाली तुमच्या मामेबहिणीला सांगत होती, "आईले विमानाचं भेव होतं. नाईतं मी तिले एकदा तरी नेली असती. माह्या कमाईचं तिनं काईच घेतलं नाई, मावशी. एक लुगडं घेतलं तं म्हणे, जवायाचं घेत नाई. मी कमावते हे तिनं कधी मानलंच नाई." आणि ती पोर अशी रडली, अशी रडली, की मी हातातलं भाताचं टोपलं खाली ठेवलं.

आणि मी काय केलं, ऐकाल? तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या पंगतीकडे गेले. तेव्हाही नाही बोलले. तुम्ही जिवंत होत्या तेव्हा तुमचं विमान खाल्लं. तुम्ही गेल्या, तर तुमच्या पोरीजवळचं तुमचं प्रेमही मीच दाबून बसले. तिला वाटते, आईनं माझी किंमत केली नाही. आणि तुम्ही तर म्हणाल्या होत्या, तिचं मी हक्कानं खाईन.

पंगती उठल्या. खरकटं काढलं. तुमच्या मोरीत प्रणाली भाताचा मोठा गंज घासत बसली होती, कोणाचं ऐकतच नव्हती. मी तिच्याजवळ पाटावर बसले आणि सांगितलं. सारं. वही, पहिलं पान, पोळ्याचा दिवस, फलाट. तुमचे शब्द जसेच्या तसे. तिचा हात थांबला. राख तशीच बोटांवर.

मग म्हणाली, "आई काय म्हणाली होती? पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"अन् चंद्राचं?"

तेही सांगितलं. तीन वेळा म्हणवून घेतलं तिनं माझ्याकडून, लेकरू गोष्ट ऐकते तसं. खिडकीपाशी बसन, यावर तर हसू आलं तिला रडता रडता. मला वाटलं, आता माझ्याकडे पाहील. नाही पाहिलं. गंज पालथा घातला, हात धुतले आणि म्हणाली, "आज माह्याशी बोलू नका, आई." दुसऱ्या दिवशीही नाही बोलली. छकुलीला माझ्या मांडीवर देत होती, घेत होती, पण मधे शब्द नाही.

परवा त्यांची गाडी आली नागपूरला न्यायला. मी धीर करून म्हटलं, "आता पाळी लावायले दुसरं कोणी नाई. मीच येत जाईन, दोन्ही महिने. पण रेल्वेनं येईन. वीस तास बसूनच येईन."

ती दारात थांबली. आणि तुमच्यासारखी, अगदी तुमच्यासारखी मान वाकडी करून म्हणाली, "तुमचं प्रायश्चित्त माह्या पोरीच्या महिन्यात नोको, आई. तुमी तठी थकून पडान, तं तिले कोण पाहीन? मी तिकीट काढते. विमानानं या." आणि गाडीत बसता बसता, "मले राग हाय. राहीन तो. पण या."

माफी नाही दिली तिनं. मागायची माझीही लायकी नाही. पण तिच्याच पॉइंटवर आता पुन्हा जायचं आहे मला, आणि या खेपेला ते कोणाचे आहेत हे माहीत असताना, तिला माहीत आहे हेही माहीत असताना. शिक्षा म्हणा, रेल्वेपेक्षा जड आहे. गल्लीत सांगून आले काल. कांताबाई म्हणाली, "अवो, तुमच्या अमोलचे नं पॉइंट?" मी म्हटलं, "नाई. सुनेचे. पहिल्यापासून सुनेचेच. अन् ती सून आंधळगावच्या मासेवाल्या बाईची पोरगी."

तुमच्याकडून काही मागायचा हक्क मला नाही, ईनबाई. तरी विहीण आहे, मागितल्याशिवाय राहणार नाही. कावळ्याच्या रूपानं या, स्वप्नात या, कशाही या. पण आधी माझ्याकडे नका येऊ. आधी पुण्याला जा, तुमच्या पोरीकडे. ते घर तिचंही आहे, हप्ते तीही भरते, मी विचारून घेतलं. तिच्या ताटातलं पोटभर जेवा, तिच्या पलंगावर आडव्या व्हा, बिलकुल संकोच करू नका. तिला ते पाहायचं आहे. तिचं पाहून झालं, मन भरलं, की मग वरठीला या. मला काय बोलायचं ते बोला, मी मान खाली घालून ऐकीन. पण जास्त वाट पाहायला लावू नका, ईनबाई. लवकर या.